फिल फॅक्टर ६५ वरून ७५ कसा न्यावा: पीएम६-वाय६ सौरसेलमधलं वहन सुधारताना

ओपन सर्किटचा व्होल्टेज (प्रवाह न घेता मिळणारा) ०.८४, शॉर्ट सर्किटचा प्रवाह (दोन टोकं थेट जोडून मिळणारा) चौरस सेंटिमीटरला २५.५ मिलिअँपिअर. दोन्ही आकडे छापील पेपरांच्या तोडीचे, आणि तरी कार्यक्षमता १४ टक्क्यांच्या आत. सेंद्रिय सौरसेल बनवणाऱ्या लॅबमधली ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्यात असतो: फिल फॅक्टर, म्हणजे सेलची कमाल शक्ती या दोन आकड्यांच्या गुणाकाराच्या किती टक्के आहे ते, ६५ टक्के. तो ७५ वर गेला तर बाकी काही न हलता कार्यक्षमता १३.९ वरून १६.१ होते. यासाठी नवं पॉलिमर मागवायची गरज नसते. आहे त्या थरांतून इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धन जागा) वेळेत बाहेर काढावे लागतात, एवढंच.

खालची सगळी मापं पीएम६ हे डोनर (इलेक्ट्रॉन देणारं) पॉलिमर आणि वाय६ हा ॲक्सेप्टर (इलेक्ट्रॉन घेणारा) रेणू या जोडीसाठी आहेत. वाय६ २०१९ मध्ये चीनच्या सेंट्रल साउथ युनिव्हर्सिटीतल्या यिंगपिंग झोउ यांच्या गटाने पुढे आणला आणि पीएम६बरोबर १५.७ टक्के दाखवले. त्याच कुळातले नंतरचे रेणू आज २० टक्क्यांच्या आसपास पोचलेत. तरी शिकायला हीच जोडी बरी. दोन्ही पदार्थ विकत मिळतात, छापलेले आकडे भरपूर आहेत, त्यामुळे आपला सेल कुठे कमी पडतो ते ताडून पाहता येतं.

आधी वक्र वाचा, मग हॉटप्लेटला हात लावा

एकाच सेलवर अंधारातला आणि उजेडातला असे दोन्ही प्रवाह-व्होल्टेज वक्र घ्या, उणे १ व्होल्टपासून अधिक १.२ व्होल्टपर्यंत, ०.०२ व्होल्टच्या पायरीने. अंधारातला वक्र लॉग पट्टीवर काढा. साध्या पट्टीवर गळती दिसत नाही.

उजेडातला वक्र उणे बाजूला सपाट हवा. तो उतरता दिसला तर कारणं दोनच, आणि त्यांचे उपाय एकमेकांपासून फार लांब आहेत. उणे १ व्होल्टला अंधारातला प्रवाह बघा. उजेडात त्या एका व्होल्टमध्ये प्रवाह १ मिलिअँपिअरने वाढतोय आणि अंधारातही तेवढाच वाहतोय, म्हणजे सेलला भोक आहे: धुळीचा कण, न विरघळलेलं पॉलिमर, आयटीओची (काचेवरच्या पारदर्शक वाहक थराची) टोकेरी कड. अंधारातला प्रवाह मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागाइतका बारीक आहे आणि उजेडातला वक्र तरी उतरतोय, तर थर शाबूत आहे पण भार बाहेर पडण्याआधीच एकमेकांत विरतायत. हे खरं वहनाचं दुखणं.

ओपन सर्किटजवळ वक्र उभा चढायला हवा. तो तिथे आडवा पडला तर सिरीज रेझिस्टन्स (थर, संपर्क आणि तारांचा एकत्र रोध) वाढलाय. तिथेच वक्राला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला तर एखाद्या संपर्क थरापाशी (इलेक्ट्रोडला लागून असलेल्या थरापाशी) बांध आहे, आणि सक्रिय, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या थरात कितीही सुधारणा करा, तो बाक जाणार नाही. एस-बाक दिसत असताना ॲनीलिंगचं (थर तापवून बसवण्याचं) तापमान बदलत बसणं हा आठवडा वाया घालवायचा खात्रीचा मार्ग.

आणखी एक. एका बॅचमधल्या सगळ्यात चांगल्या सेलवर निर्णय घेऊ नका. प्रत्येक बदलासाठी निदान १२ सेल मोजा आणि मधला आकडा धरा. बॅचमधला पसरटपणा २ टक्के असेल तर अर्ध्या टक्क्याची ‘सुधारणा’ म्हणजे निव्वळ नशीब.

शर्यत कशाची आहे

प्रकाश पडला की सेंद्रिय थरात सुटे भार तयार होत नाहीत, बांधलेली जोडी तयार होते: एक्सायटॉन. या पदार्थांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (भारांमधलं आकर्षण पदार्थ किती कमी करतो ते) ३ ते ४ एवढाच असल्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना धरून बसतात. जोडी फुटायला डोनर-ॲक्सेप्टरची सीमा लागते, आणि तिथवर पोचायला तिच्याकडे काही दशक नॅनोमीटरच असतात, जुन्या पदार्थांत तर जेमतेम १०. म्हणून दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळून थर देतात. पण फार बारीक मिसळलं तर फुटलेल्या भारांना बाहेरची सलग वाट सापडत नाही. डोमेन (एकाच पदार्थाचे कप्पे) १० ते २० नॅनोमीटरचे आणि इलेक्ट्रोडपर्यंत जोडलेले, हा मधला मार्ग.

आता एक हिशेब, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. थर १०० नॅनोमीटर, मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात भार किती सहज सरकतो ते) ०.०००३ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. शॉर्ट सर्किटला आतला व्होल्टेज साधारण ०.८४ धरा. भाराला थर ओलांडायला ०.४ मायक्रोसेकंद लागतात. पण सेल चालवायचा असतो तो कमाल शक्तीच्या बिंदूवर, ०.६९ व्होल्टच्या आसपास. तिथे भारांना ओढायला उरतात ०.१५ व्होल्ट, आणि तोच प्रवास सव्वादोन मायक्रोसेकंदांचा होतो. पाचपट जास्त वेळ, आणि त्या सगळ्या वेळात समोरून येणाऱ्या विरुद्ध भाराशी गाठ पडायची भीती. म्हणूनच प्रवाह उत्तम असलेल्या सेलचाही फिल फॅक्टर पडतो: शॉर्ट सर्किटला जी कमतरता झाकली जाते, ती इथे उघडी पडते.

हा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. थर ३०० नॅनोमीटर केला तर प्रकाश थोडा जास्त शोषला जाईल, पण प्रवास नऊपट लांबेल. नवशिक्यांनी १०० ते १२० नॅनोमीटरवरच थांबावं.

पदार्थ आणि पाककृती

रचना खालून वर अशी: काच, आयटीओ, पेडॉट-पीएसएस (होल गोळा करणारा थर), पीएम६-वाय६, पीडीआयएनओ (इलेक्ट्रॉन गोळा करणारा थर), चांदी.

आयटीओची शीट रेझिस्टन्स (थराच्या चौकोनी तुकड्याचा रोध) १५ ओहमच्या आसपासची घ्या. साबणपाणी, डीआय (आयन काढलेलं) पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने अल्ट्रासोनिकमध्ये प्रत्येकी १५ मिनिटं. साबणपाण्याच्या आधी हातमोजा घालून दोन बोटांत काच चोळून घ्या. तेलकट डाग अल्ट्रासोनिकपेक्षा बोटांनी चांगला निघतो. नायट्रोजनने वाळवा, मग यूव्ही-ओझोन १५ ते २० मिनिटं. काच स्वच्छ झाली की नाही ते पाण्याचा थेंब सांगतो: पसरून पातळ झाला पाहिजे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. ओझोननंतर अर्ध्या तासाच्या आत पेडॉट चढवा.

पेडॉट-पीएसएस म्हणजे एआय ४०८३ हा ग्रेड. पीएच १००० हा जास्त वाहक ग्रेड ‘वहन सुधारेल’ म्हणून वापरू नका. तो आडवा वाहतो आणि सेलच्या कडेबाहेरचाही प्रवाह गोळा करतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, हलवा, ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून गाळा. ४००० ते ५००० आरपीएमवर ३० ते ४० सेकंद फिरवा, म्हणजे ३० ते ४० नॅनोमीटर थर येतो. कडेवरच्या संपर्कपट्टीवरून पाण्यात भिजवलेल्या इअरबडने पुसून घ्या, मग १५० अंशांवर १५ मिनिटं.

इथे कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळा आडवा येतो. पेडॉट-पीएसएस पाणी शोषतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना तापवलेली काच हॉटप्लेटवरून उचलून टेबलावर पाच मिनिटं थंड होत ठेवली की १५ मिनिटांची भट्टी फुकट गेली. काचा गरम असतानाच ग्लव्ह बॉक्सच्या (कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीच्या) अँटीचेंबरमध्ये घाला, आणि आत गेल्यावर १२० अंशांवर पुन्हा पाच मिनिटं ठेवा. ‘जूनपासून फिल फॅक्टर का पडतोय’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच निघतं.

सक्रिय थराचं द्रावण: पीएम६ आणि वाय६ यांचं वजनी प्रमाण १:१.२, एकूण १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर क्लोरोफॉर्म. दोन मिलिलिटर करायचं तर पीएम६ १४.५ मिलिग्रॅम आणि वाय६ १७.५ मिलिग्रॅम. एक मिलिलिटरपेक्षा कमी करू नका. साध्या तराजूवर अर्ध्या मिलिग्रॅमची चूक सहज होते, आणि ७ मिलिग्रॅममध्ये अर्धा म्हणजे सात टक्के. १-क्लोरोनॅफ्थॅलिन हे ॲडिटिव्ह ०.५ टक्के, म्हणजे दोन मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, ढवळून झाल्यावर घाला.

क्लोरोफॉर्मच्या चार खोडी आधीच माहीत असाव्यात. तो ६१ अंशांना उकळतो, म्हणून ४० ते ४५ अंशांच्या वर तापवू नका, आणि बाटलीला टेफ्लॉन अस्तराचंच झाकण लावा. रबरी झाकणातले पदार्थ द्रावणात उतरतात, आणि पॅराफिल्म तर क्लोरोफॉर्मच्या वाफेने वितळून आत गळतो. बाटलीवर कोणता स्टॅबिलायझर आहे ते वाचा: इथेनॉल घातलेला आणि अमिलीन घातलेला क्लोरोफॉर्म एकसारखा थर देत नाहीत, तेव्हा एका मालिकेत एकच बाटली. जुनी, उजेडात राहिलेली बाटली आम्लधर्मी झालेली असते, ती टाकून द्या. आणि पिपेटमध्ये घेतला की वाफेच्या दाबाने तो टोकातून टपकायला लागतो. त्यासाठी तेच द्रावण दोन-तीनदा वर ओढून खाली सोडा, टोकातली हवा वाफेने भरली की टपकणं थांबतं. हे न केल्यामुळे १० पैकी ४ काचांवर आधीच एक थेंब पडतो आणि तिथे धूमकेतूसारखी शेपूट उमटते.

द्रावण ग्लव्ह बॉक्समध्ये किमान तीन तास ढवळा. पीएम६चे रेणू थंड द्रावणात गुच्छ करतात. ढवळणं बंद करून बाटली बाजूला ठेवली की अर्ध्या तासात ते जेलीकडे झुकायला लागतं. तसं झालं तर पुन्हा ४५ अंशांवर नेऊन ढवळा, गाळू नका. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये नेमके मोठे गुच्छ अडकतात, म्हणजे पॉलिमर कमी होऊन प्रमाणच बदलतं.

थर चढवताना

काच फिरत असताना द्रावण सोडा. स्थिर काचेवर थेंब ठेवून मग फिरवलं तर क्लोरोफॉर्म कडेपासून सुकायला लागतो आणि मध्ये जाड, कडेला पातळ असा थर येतो. ३००० आरपीएम, ३० सेकंद. १५ मिलिमीटरच्या काचेला २० ते २५ मायक्रोलिटर पुरतात. पिपेटचं टोक काचेपासून अर्धा सेंटिमीटरवर, बरोब्बर मध्ये, आणि द्रावण एका दमात. दोन हप्त्यांत सोडलं की एकात एक दोन वर्तुळं दिसतात.

जाडी फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात असते. ३००० ऐवजी २००० केलं तर थर सव्वापट जाड. ही बारीक सुधारणा वेगाने करा, द्रावण पातळ करून नव्हे, कारण पातळ द्रावणात गुच्छांचा आकारच बदलतो.

ग्लव्ह बॉक्सबाहेर, दमट हवेत क्लोरोफॉर्म फिरवला तर एक विचित्र गोष्ट घडते. तो इतक्या झपाट्याने उडतो की काच थंड होते, हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी जमते आणि थेंबांच्या खळग्यांनी थर पांढुरका, जाळीदार होतो. पावसाळ्यात बाहेर काम करणं भागच असेल तर स्पिन कोटरच्या भांड्यात कोरडा नायट्रोजन सोडा.

सक्रिय थर आरशासारखा, गडद निळसर दिसला पाहिजे. धुरकटपणा म्हणजे डोमेन वाढलेत. लगेच १०० ते ११० अंशांवर पाच ते दहा मिनिटं. या ॲनीलिंगमध्ये दोन कामं होतात. २६० अंशांच्या आसपास उकळणारं क्लोरोनॅफ्थॅलिन हळूहळू निघून जातं, आणि ते निघेपर्यंत वाय६च्या रेणूंना एकमेकांवर नीट रचून बसायला अवधी मिळतो. चपट्या रेणूंची थप्पी काचेला समांतर बसली की भार वर-खाली सहज उड्या मारतात. वहन सुधारतं ते इथेच.

म्हणूनच ॲडिटिव्हचं प्रमाण हे या पाककृतीतलं मीठ. शून्य टक्क्याला डोमेन अर्धवट, ०.५ टक्क्याला बेताचे, १ टक्क्यापुढे वाय६चे स्फटिक इतके मोठे होतात की एक्सायटॉन सीमेपर्यंत पोचायच्या आधीच मरतो. ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ अशी मालिका एकाच दिवशी, एकाच द्रावणातून करा. प्रवाह पडायला लागला आणि फिल फॅक्टर टिकून आहे, तर डोमेन मोठे झालेत. प्रवाह तेवढाच आणि फिल फॅक्टर पडला, तर वाट तुटलीय किंवा ॲडिटिव्ह आत राहिलंय, तेव्हा ॲनीलिंग पाच मिनिटांनी वाढवून बघा. १,८-डायआयोडोऑक्टेन हे जुन्या पाककृतींतलं ॲडिटिव्ह या जोडीला टाळा. त्याचा उरलेला अंश उजेडात थराची नासाडी करतो.

पीडीआयएनओ एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिथेनॉल, ३००० आरपीएम, ३० सेकंद, ॲनीलिंग नाही. थर १० नॅनोमीटरच्या आसपास. त्याऐवजी पीएफएन-ब्रोमाइड वापरत असाल तर ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि थर ५ नॅनोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. तो स्वतः फारसा वाहत नाही, चांदीचं वर्क फंक्शन (तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) खाली ओढणं एवढंच त्याचं काम. जाड झाला की तोच बांध होतो, आणि मघाचा एस-बाक उगवतो.

चांदी १०० नॅनोमीटर, निर्वातात बाष्पीभवनाने. दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागापर्यंत उतरल्याशिवाय सुरू करू नका. पहिले १० नॅनोमीटर सेकंदाला अर्ध्या अँगस्ट्रॉमपेक्षा कमी वेगाने, मग एक-दोनपर्यंत वाढवा. घाईने सुरुवात केली तर तापलेले अणू मऊ सेंद्रिय थरात घुसतात, आणि ती गळती अंधारातल्या वक्रात उणे बाजूला स्पष्ट दिसते.

मोबिलिटी मोजताना कुठे फसतात

सेल झाला, फिल फॅक्टर अजून ६८. मग दोन वेगळी उपकरणं बनवा. फक्त होलसाठी: आयटीओ, पेडॉट, सक्रिय थर, १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड, चांदी. फक्त इलेक्ट्रॉनसाठी: आयटीओ, झिंक ऑक्साइड, सक्रिय थर, पीडीआयएनओ, चांदी. दोन्हींचा अंधारातला वक्र ० ते ४ व्होल्ट. त्यातून मोबिलिटी काढायचं मॉट-गर्नी सूत्र असं: प्रवाहघनता = ९/८ × डायइलेक्ट्रिक स्थिरांक × निर्वाताची परमिटिव्हिटी × मोबिलिटी × व्होल्टेजचा वर्ग ÷ जाडीचा घन.

आकडे घालून बघू. स्थिरांक ३, जाडी १२० नॅनोमीटर, व्होल्टेज २. मोबिलिटी ०.०००३ असेल तर प्रवाहघनता चौरस सेंटिमीटरला सुमारे २०७ मिलिअँपिअर यायला हवी. आता बघा चूक कुठे शिरते. जाडी खरं तर ११० असेल आणि तुम्ही १२० धरली, तर मोबिलिटी ३० टक्क्यांनी फुगते, कारण जाडीचा घन आहे. त्यामुळे जाडी त्याच काचेवर, ओरखडा काढून प्रोफायलोमीटरने तीन जागी मोजा. पेपरातली किंवा गेल्या महिन्यातली जाडी चालणार नाही.

दुसरी चूक सिरीज रेझिस्टन्सची. ०.०४ चौरस सेंटिमीटरच्या उपकरणातून २०७ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ८.३ मिलिअँपिअर. आयटीओ आणि तारा मिळून २० ओहम असतील तर ०.१७ व्होल्ट तिथेच पडले. ते वजा करा, इलेक्ट्रोडांमधल्या फरकाने येणारा बिल्ट-इन व्होल्टेजही वजा करा, आणि मगच सूत्र बसवा. लॉग-लॉग आलेखावर उतार २ आहे का ते आधी तपासा. उतार १ च्या जवळ असेल तर तुम्ही थर नव्हे, तार मोजताय. ३ किंवा ४ असेल तर थरात ट्रॅप (भार अडकवणाऱ्या जागा) भरतायत, आणि सूत्र लागूच नाही.

नीट बनवलेल्या थरात दोन्ही मोबिलिटी साधारण ०.०००२ ते ०.०००६ च्या पट्ट्यात येतात. निव्वळ आकड्याइतकंच महत्त्व त्यांच्या गुणोत्तराला. एक भार दुसऱ्यापेक्षा पाचपट हळू असेल तर तो थरात साचत जातो, आतलं विद्युतक्षेत्र वाकवतो, आणि वेगवान भारही अडकतो. होल हळू असतील तर पीएम६चा हिस्सा १:१ पर्यंत वाढवून बघा, किंवा पीएम६ची वेगळी बॅच मागवा: रेणूभार बॅचगणिक बदलतो, आणि कमी रेणूभाराचं पॉलिमर डोमेनांना जोडणाऱ्या साखळ्या पुरवत नाही. खरेदी करताना रेणूभाराचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. इलेक्ट्रॉन हळू असतील तर पीसी७१बीएम हा फुलरीन तिसरा घटक म्हणून घालता येतो, सुरुवात १:१:०.२ या प्रमाणाने. तो वाय६च्या फटींत बसून इलेक्ट्रॉनांना आणखी वाटा देतो.

उजेड कमी-जास्त करून ओपन सर्किटचा व्होल्टेज मोजणं हे यापेक्षा सोपं आणि तितकंच बोलकं. राखाडी फिल्टर लावून उजेड दहापट कमी करा. फक्त दोन सुटे भार भेटून नाश होत असेल तर व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने उतरतो. ७७ ने उतरला तर आयडिऑलिटी (५९ च्या किती पट ते) १.३, म्हणजे ट्रॅपांतून होणारा नाश लक्षणीय आहे: जुना क्लोरोफॉर्म, ग्लव्ह बॉक्समधला ऑक्सिजन, अशुद्ध पॉलिमर. उजेड शंभराव्या भागाच्याही खाली नेला तर व्होल्टेज एकदम कोसळू शकतो. तो ट्रॅपचा नव्हे, गळतीचा परिणाम, त्यातून निष्कर्ष काढू नका.

संपर्क थर बदलायचा असेल तर

पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे, काळाच्या ओघात आयटीओला खातं, आणि थोडा प्रकाशही शोषतं. त्याच्या जागी टू-पीएसीझेड हा एका रेणूच्या जाडीचा थर चालतो. २०२० मध्ये सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठाच्या गटाने त्यावर १८ टक्के दाखवले. इथेनॉलमध्ये एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त लागत नाही, ३००० आरपीएम, मग १०० अंशांवर पाच-दहा मिनिटं. पण तो आयटीओवरच्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटतो, त्यामुळे यूव्ही-ओझोन इथे शोभेचा नाही. ओझोन कमी पडला की थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो आणि व्होल्टेज एका काचेवरून दुसऱ्या काचेवर ५० मिलिव्होल्टने उडतो.

उलट रचनेत (इलेक्ट्रॉन खाली आयटीओकडे, होल वर) झिंक ऑक्साइड लागतं: झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १ ग्रॅम, इथेनॉलअमीन ०.२८ ग्रॅम, २-मिथॉक्सीइथेनॉल १० मिलिलिटर, रात्रभर ढवळून, थर २०० अंशांवर एक तास हवेत. सेल पहिल्या मापात एस-बाक देतो आणि पाच मिनिटं उजेडात ठेवल्यावर सुधारतो, तर झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटलाय. हाच थर अतिनील किरणांत वाय६सारख्या रेणूंना हळूहळू तोडतोही. म्हणून टिकाऊपणाच्या चाचणीत दिव्यासमोर यूव्ही फिल्टर आहे की नाही ते नोंदवल्याशिवाय दोन लॅबचे आकडे ताडून पाहू नका. २-मिथॉक्सीइथेनॉल प्रजननक्षमतेला घातक आहे, त्याचं काम फ्यूम हूडमध्येच.

क्लोरोफॉर्मचंही तेच, आणि नायट्राइल हातमोज्यातून तो काही मिनिटांत आरपार जातो. सांडला की मोजे लगेच बदला. क्लोरोफॉर्मचा कचरा ॲसिटोनच्या बाटलीत कधीही ओतू नका. अल्कलीचा अंश असेल, आणि काचा धुतलेल्या ॲसिटोनमध्ये साबणाचा असतोच, तर मिश्रण उसळून तापतं. हॅलोजनवाल्या कचऱ्याची बाटली वेगळी, ठळक लेबलासकट.

मोठा सेल

०.०४ चौरस सेंटिमीटरवर ७५ टक्के आले, तोच थर १ चौरस सेंटिमीटरवर दिला आणि फिल फॅक्टर ६० वर आला, तर सक्रिय थराला दोष देऊ नका. आयटीओतून प्रवाह एका कडेकडे वाहतो तेव्हा परिणामी रेझिस्टन्स शीट रेझिस्टन्स गुणिले लांबीचा वर्ग भागिले ३ एवढा येतो. १५ ओहमच्या आयटीओवर २ मिलिमीटर लांबीला तो ०.२ ओहम-चौरस सेंटिमीटर, म्हणजे २५ मिलिअँपिअरला ५ मिलिव्होल्टचं नुकसान. लांबी १ सेंटिमीटर झाली की ५ ओहम-चौरस सेंटिमीटर आणि १२५ मिलिव्होल्ट, तेही नेमके कमाल शक्तीच्या बिंदूवर. सेल लांबट आणि अरुंद ठेवा, प्रवाहाची वाट ४ ते ५ मिलिमीटरच्या आत, आणि आयटीओच्या लांब कडेवर, सक्रिय भागापासून मिलिमीटरभर अंतर सोडून, चांदीची पट्टी त्याच बाष्पीभवनात चढवून घ्या. मापताना मास्कचं भोक सेलपेक्षा थोडं लहान हवं आणि त्याचं क्षेत्रफळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेलं. प्रवाह ईक्यूईच्या (दर तरंगलांबीला किती टक्के फोटॉनांचे इलेक्ट्रॉन मिळतात त्याच्या) बेरजेशी ५ टक्क्यांच्या आत जुळला नाही तर पहिला संशय मास्कवर आणि सोलर सिम्युलेटरच्या दिव्यावर घ्या. वाय६ ९३० नॅनोमीटरपर्यंत शोषतं, आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात जास्तीचा उजेड टाकणारा जुना झेनॉन दिवा तिथे फुकटचे एक-दोन मिलिअँपिअर दाखवून जातो.